ती पिरॅमिडवाली गेम: काउंटरवर रोज विचारले जाणारे प्रश्न

जळगाव जिल्ह्यात पारोळ्याला माझं मोबाईल रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे, स्क्रीन, बॅटरी, चार्जिंग जॅक, रिचार्ज वगैरे. गेली काही वर्षं आठवड्यातून दोन-तीनदा तरी कोणीतरी काउंटरवर फोन ठेवतो अन् हळूच म्हणतो, भाऊ ते पिरॅमिडवालं फोनमध्ये टाकून दे ना, ते सोन्याचं तोंड अन् पुस्तक फिरतं ते. मग त्याच्यामागे दहा प्रश्न. तेच तेच सांगून तोंड दुखलं म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलं. मी कोणी तज्ज्ञ नाही, पण या गेममध्ये माझेही पैसे गेलेत अन् गेल्यावर मी ती आतून-बाहेरून समजून घेतली, रिपेअरिंगवाल्याची सवय, बिघडलेली वस्तू खोलून बघितल्याशिवाय चैन पडत नाही.

ही गेम नेमकी आहे काय?

स्लॉट मशीन. गोव्याला मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटीवर जे गेले असतील त्यांनी बघितलंच असेल, खांब गरागरा फिरतात, थांबतात, एका रेषेत सारखी चित्रं आली की पैसे. हे मूळचं लोखंडी मशीन, १८९० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या चार्ल्स फे नावाच्या मेकॅनिकने लिबर्टी बेल नावाचं तीन चाकांचं बनवलं होतं, बाजूला दांडा असायचा तो ओढायचा. आता दांडा गेला, चाकंही गेली, मोबाईलच्या स्क्रीनवर चाकांचा सिनेमा राहिला.

एकच गेम आहे का? नावं तर पन्नास दिसतात.

एक नाही. ऑस्ट्रियाच्या नोव्होमॅटिक कंपनीचं 'बुक ऑफ रा' २००५ चं, त्याच वळणावर स्वीडनच्या प्लेअन गो कंपनीने २०१६ ला 'बुक ऑफ डेड' काढलं, अमेरिकेच्या आयजीटीचं 'क्लिओपात्रा' वेगळंच. हे चालले म्हटल्यावर मग हायवेवरच्या प्रत्येक ढाब्याने 'अस्सल खान्देशी शेवभाजी'चा बोर्ड लावावा तसं झालं, जो तो पुस्तक अन् पिरॅमिड टाकून गेम काढायला लागला. आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक येते ती बहुतेक वेळा या कुठल्याच कंपनीची नसते, चित्रं तशीच अन् आत काय भरलंय देव जाणे.

तीन पुस्तकं आली की नेमकं काय होतं?

बुक ऑफ डेडचं सांगतो, बाकीच्या बऱ्याच त्याच साच्यातल्या आहेत. पाच उभे खांब, प्रत्येकात तीन चित्रं, म्हणजे पंधरा घरं. त्याच्यावरून जाणाऱ्या दहा लाइनी, काही सरळ काही वाकड्या. डावीकडून सुरू होऊन एका लाइनीवर सारखी चित्रं आली की पैसे. पुस्तक हा पत्त्यातल्या जोकरसारखा, कुठल्याही चित्राच्या जागी चालतो, अन् स्क्रीनवर कुठेही तीन पुस्तकं दिसली की दहा स्पिन, म्हणजे खांब फिरवायच्या दहा खेपा, फुकट. फुकटचे स्पिन सुरू व्हायच्या आधी पुस्तक उघडतं, पानं फडफडतात अन् एका चित्रावर थांबतात, ते चित्र त्या दहा स्पिनपुरतं पूर्ण खांबभर पसरतं. सगळ्यात भारी चित्र म्हणजे तो टोपीवाला संशोधक, पंधराही घरं त्याने भरली तर बेटच्या, म्हणजे एका स्पिनला लावलेल्या पैशाच्या, ५००० पट. म्हणजे दहाचे पन्नास हजार. व्हॉट्सअ‍ॅपवर जो स्क्रीनशॉट फिरतो तो हाच, अन् तो काढायला फोटो एडिटिंगचं साधं अ‍ॅप पुरतं हे मी दुकानावर बसून सांगू शकतो.

आरटीपी ९६ टक्के लिहिलंय. म्हणजे शंभर टाकले की शहाण्णव परत येणारच ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो अन् सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात, मी पण फसलो होतो, म्हणून जरा नीट बसून वाचा.

आरटीपी म्हणजे 'रिटर्न टू प्लेअर', खेळणाऱ्यांना परत जाणारा हिस्सा. बुक ऑफ डेडचा आकडा ९६.२१ टक्के आहे. याचा अर्थ जगभरच्या लाखो-करोडो स्पिनमध्ये जेवढे पैसे लावले गेले त्यातले एवढे टक्के वाटले जातात. तुमच्या शंभराचा त्यात हिशोब नाही. दुसरी गोष्ट, हे टक्के तुम्ही भरलेल्या पैशावर नसतात, तुम्ही लावलेल्या पैशावर असतात, अन् तेच पैसे तुम्ही पुन्हा पुन्हा लावता. दहा रुपयाचा एक स्पिन, मिनिटाला दहा स्पिन धरा, तासाला ६०० स्पिन, म्हणजे तुम्ही तासाभरात ६००० रुपये लावले, भले खिशातून हजारच काढलेले असोत. त्या ६००० वर ३.७९ टक्के गेले, सरासरी २२७ रुपये तासाला. आता बेट शंभराची करा, तेच २२७० होतात. आमच्याकडे कापूस वेचायला बाई दिवसभर वाकते ती या २२७० च्या निम्म्याहून कमी रोजाने.

पुढचं ऐका. ही गेम कंपनी वेगवेगळ्या टक्क्यांत बनवून देते. तीच चित्रं, तोच आवाज, पण चालवणारा ९६.२१ वाली लावू शकतो, ९४.२५ वाली लावू शकतो, ८७.२५ वाली पण लावू शकतो. ८७.२५ वाली असली तर वरच्या हिशोबात तासाचे २२७ चे ७६५ झाले. बाहेरून ओळखू येत नाही, गेमच्या आत माहितीच्या पानावर कुठेतरी बारीक लिहिलेलं असतं. ही झाली लायसनवाल्या गेमची गोष्ट. टेलिग्रामवरून आलेल्या एपीकेत, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून टाकायच्या अ‍ॅपच्या फाइलीत, आकडा काय असेल याचा विचारच करू नका, तिथे वजनकाटा त्याचाच, वजनं त्याचीच.

अन् सरासरी म्हणजे काय ते पण लक्षात घ्या. या गेमला हाय व्होलाटिलिटी म्हणतात, म्हणजे देते कमी वेळा अन् देते तेव्हा एकदम. त्या ९६ टक्क्यांतला मोठा हिस्सा एखाद्या कोणाला पडलेल्या घबाडात गेलेला असतो. उरलेल्यांचे ९६ पेक्षा बरेच कमी परत येतात. तालुक्यात पाऊस सरासरीएवढा पडला म्हणून तुमच्या वावरात पडला असं होतं का, तसंच हे.

दोन पुस्तकं आली, तिसरं एका घराने हुकलं. चार-पाचदा असं झालं. आता येईलच ना?

नाही. ज्या क्षणी तुम्ही बटण दाबता त्याच क्षणी आतला प्रोग्राम एक रँडम आकडा उचलतो अन् निकाल तिथेच लागलेला असतो. त्यानंतर जे दिसतं, खांब हळू होतो, ढोलकी वाढत जाते, तिसरं पुस्तक वरून डोकावतं अन् खाली सरकून जातं, ते सगळं नाटक, निकाल लागून गेल्यावरचं. हुकलं वगैरे काही नसतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, तीन पत्ती खेळणाऱ्याला एक हिशोब पाठ असतो, दोन एक्के बाहेर पडलेले दिसले म्हणजे आता पिसात दोनच उरले. तो हिशोब तिथे बरोबर आहे कारण पिसणं एकदाच झालंय. इथे प्रत्येक स्पिनला नवं कोरं पिस, नव्याने पिसलेलं. मागच्या शंभर स्पिनला काही आलं नाही हे मशीनला माहीतच नसतं. 'तापलंय मशीन', 'आता द्यायच्या बेतात आहे', हे आपणच बोलतो.

अजून एक डाव आहे. दहा लावले अन् चार आले तर तुमचे सहा गेले. पण स्क्रीनवर सोन्याची नाणी उडतात, संगीत वाजतं, 'विन ४' लिहून येतं. सहा रुपये गेल्याचं अभिनंदन! दुकानावर एक पोरगं माझ्यासमोर खेळत होतं, त्याला म्हटलं फक्त आवाज बंद कर अन् वरचा बॅलन्स बघ. वीस मिनिटांत म्हणे भाऊ हे तर नुसतंच कमी होतंय. आवाज चालू असताना त्याला दिसलं नव्हतं.

रात्री बारानंतर जास्त देते, अमावस्येला देते, आधी छोटी बेट मग मोठी, यातली कुठली ट्रिक खरी?

एकही नाही. 'सिग्नल ग्रुप'वाले पाचशे रुपये घेऊन टाइम सांगतात, त्यांची कमाई तेच पाचशे रुपये आहेत.

जिंकल्यावर लाल की काळं विचारतं, डबल करायचं का?

ही एकच जागा आहे जिथे हिशोब सरळ असतो, पालथ्या पत्त्याचा रंग ओळखायचा, लाल-काळं निम्मं-निम्मं अन् बरोबर आलं तर दुप्पट, चौकट-बदाम-इस्पिक-किलवर ओळखलं तर चौपट. ५० रुपये जिंकलेत, पाच वेळा लागोपाठ बरोबर आलं तर १६०० होतात. लागोपाठ पाच वेळा बरोबर यायचा चान्स ३२ त एक. उरलेल्या ३१ वेळा ते ५० पण गेले. अर्थात हे कंपनीच्या खऱ्या गेमचं, कॉपीत तिथेही काय केलंय सांगता येत नाही.

तुम्ही स्वतः खेळले का?

खेळलो. २०२३ च्या दिवाळीनंतर. घरचा कापूस विकला होता, सहा क्विंटलच्या आसपास, आबांना युपीआय जमत नाही म्हणून पैसे माझ्या खात्यावर आले, ४१ हजार. खताची उधारी द्यायची होती, द्यायला अजून आठ दिवस होते. सुरुवात शंभर रुपयांनी केली, दुकानाचं शटर अर्धं ओढून. तिसऱ्या रात्री वीसच्या बेटवर तीन पुस्तकं आली, पान त्या कोल्ह्याच्या तोंडावर थांबलं अन् दहा स्पिनमध्ये ६२०० झाले. माझा हात थरथरत होता, शप्पथ सांगतो, मी उठून दुकानात दोन चकरा मारल्या अन् बाटलीभर पाणी प्यायलो. त्या रात्री मी ते काढून घेतले असते तर काढता आले असते, कारण सुरुवातीला गेमवाले देतात. काढले नाहीत. बेट वीसची शंभर केली.

अकराव्या रात्री खात्यात ३१२ रुपये राहिले होते. तो आकडा पाठ आहे. आबांना काहीच बोललो नाही, खताच्या दुकानदाराला सांगितलं पेमेंट अडकलंय, बायकोने विचारलं तर सर्व्हर डाऊन आहे म्हटलं. शेवटी दोन सेकंडहँड फोन अन् तिची कानातली विकून उधारी भरली, कानातली तिनेच काढून दिली अन् एक शब्द बोलली नाही, बोलली असती तर बरं वाटलं असतं. आबांना आखाजीला कळलं. ते खाटेवर बसून होते, म्हणाले, "बठ्ठा गया?" सगळं गेलं का. मी म्हटलं हो. मग म्हणाले, जेवून घे.

पहिल्यांदा भरले की १००० बोनस मिळतो. तो तर फुकटच ना?

खालची बारीक अक्षरं वाचा. '३५ एक्स वेजरिंग' असं काहीतरी असतं. म्हणजे तो हजाराचा बोनस काढायच्या आधी ३५ पट, ३५ हजार रुपयांचे स्पिन लावून व्हायला पाहिजेत. चांगल्यातली चांगली ९६.२१ वाली गेम धरली तरी ३५ हजारांवर सरासरी १३२६ रुपये जातात. हजार फुकट घ्यायला तेराशे. नातेवाईकाने लग्नात एकवीसचं पाकीट द्यावं अन् आपण त्याला आग्रहाने ताट वाढावं, तेवढाच फायदा.

ऑटो स्पिन लावून ठेवलं तर चालतं का?

चालतं, अन् पैसे पण आपोआप जातात. ब्रिटनमध्ये जुगार कायदेशीर आहे, तरी तिथे २०२१ पासून ऑनलाइन स्लॉटला ऑटोप्ले बंद केलंय अन् दोन स्पिनमध्ये कमीत कमी अडीच सेकंद सक्तीचे आहेत. २०२५ पासून तर एका स्पिनला पाच पाउंडाच्या वर लावता येत नाही, १८ ते २४ वयाच्या पोरांना दोनच पाउंड. ज्यांनी परवानगी दिली त्यांनाच लगाम घालावा लागला यावरून काय ते समजा.

सगळीकडे इजिप्तच का? अन् त्या चित्रांचा काही अर्थ आहे की नुसतं शोसाठी?

सोनं, थडगं, लपलेला खजिना, हे ऐकलं की माणसाचा हात आपोआप खणायला लागतो, आपल्याकडे नाही का गुप्तधनाच्या नादी लागून लोक वाडे खणत बसतात. तुतनखामेनचं थडगं हॉवर्ड कार्टरला नोव्हेंबर १९२२ मध्ये सापडलं, आत दहा किलोच्या वर सोन्याचा मुखवटा, तेव्हापासून जगाच्या डोक्यात इजिप्त म्हणजे खजिना हे बसलं ते बसलं. गेममध्ये जे सोन्याचं तोंड फिरतं ते त्या मुखवट्यावरूनच.

चित्रांना मात्र अर्थ आहे अन् खरं सांगायचं तर पैसे गेल्यावर मला त्याचाच नाद लागला. कोल्ह्यासारख्या तोंडाचा तो अनुबिस, मुडदे जपून ठेवायच्या विधीचा देव. वाळवंटाच्या कडेला स्मशानं, तिथे कोल्ही फिरायची, म्हणून स्मशानाचा राखणदारही तोच. ससाण्याच्या तोंडाचा तो होरस. बगळ्यासारख्या पक्ष्याच्या लांब चोचीचा थोथ, लिहिण्या-वाचण्याचा देव. 'रा' म्हणजे सूर्य.

अन् तो हिरवा-निळा किडा, जो बऱ्याच गेममध्ये असतो, तो आपला शेणकिडाच. पावसाळ्यात बांधावर बघितलाय ना, शेणाची गोळी मागच्या पायांनी ढकलत नेतो, उलटा चालत. इजिप्तच्या लोकांनी तो बघितला अन् त्यांना वाटलं सूर्याचा गोळा पण असाच कोणीतरी रोज ढकलत नेतो, त्या देवाचं नाव खेपरी. मला हे फार आवडलं. आम्ही लहानपणी त्या गोळीला काडी लावून त्याची फजिती बघायचो, अन् तिकडे त्याचे ताईत करून राजांच्या गळ्यात घातलेले.

मग ते पुस्तक? ते खरंच होतं का?

होतं, पण पुस्तकासारखं पुस्तक नव्हतं. पपायरस नावाच्या लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाची गुंडाळी, त्यावर मंत्र, मेल्यानंतरच्या प्रवासात माणसाला उपयोगी पडावेत म्हणून सोबत थडग्यात ठेवायची. त्यांच्या भाषेत त्याला 'दिवसा बाहेर येण्याचे मंत्र' अशा अर्थाचं नाव होतं. 'मृतांचं पुस्तक' हे नाव लेप्सियस नावाच्या जर्मन पंडिताने १८४२ मध्ये दिलं अन् तेच चिकटलं. सगळ्यात प्रसिद्ध गुंडाळी अनी नावाच्या एका लेखनिकाची, इसवी सन पूर्व १२५० च्या सुमाराची, आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये, जवळजवळ २४ मीटर लांब होती. अन् गंमत बघा, अनीच्या गुंडाळीत बरेच भाग आधीच तयार करून ठेवलेले होते, गिऱ्हाईकाचं नाव टाकायची जागा कोरी सोडून. लग्नपत्रिकावाल्याकडे छापील साचा असतो अन् नवरा-नवरीचं नाव नंतर टाकतात, तसं. तीन हजार वर्षांपूर्वी रेडी स्टॉक!

त्यातला सगळ्यात भारी प्रसंग हिशोबाचा. मेलेल्या माणसाचं काळीज तराजूच्या एका पारड्यात अन् दुसऱ्यात एक पीस, मात नावाच्या सत्याच्या देवीचं. अनुबिस काटा बघतो, थोथ लिहून घेतो, आपल्या चित्रगुप्तासारखा. काळीज पिसापेक्षा जड भरलं की बाजूला अम्मित बसलेलीच असते, तोंड मगरीचं, पुढचं अंग सिंहाचं, मागचं पाणघोड्याचं, ती काळीज खाऊन टाकते अन् विषय संपला. लोकांना आपल्या काळजाचीच एवढी भीती की दगडाचा शेणकिडा करून मुडद्याच्या छातीवर ठेवायचे अन् त्यावर कोरायचे, हे काळजा, माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नको. आबांसमोर बसलो होतो तेव्हा हे माहीत नव्हतं.

बाकी पुस्तकातून सोन्याची नाणी उडतात हे कुठेही नाही.

क्लिओपात्राने पिरॅमिड बांधले का?

नाही हो. गिझाचा मोठा पिरॅमिड खुफू राजाचा, इसवी सन पूर्व २५६० च्या सुमाराचा. क्लिओपात्रा वारली इसवी सन पूर्व ३० मध्ये, म्हणजे मध्ये अडीच हजार वर्षं गेली. माणूस चंद्रावर गेला ते साल तिला जास्त जवळचं. शिवाय ती मूळची ग्रीक घराण्यातली. गेमवाल्यांना काय, एका स्क्रीनवर सगळे.

तुतनखामेनचा शाप खरा आहे का? गेम खेळली तर लागतो म्हणे.

थडग्याच्या कामाला पैसे लावणारे लॉर्ड कार्नार्व्हन १९२३ मध्ये डास चावलेली जागा चिघळून वारले, तिथून ती अफवा. ज्याने थडगं उघडलं तो कार्टर १९३९ पर्यंत जगला. गेममध्ये जो लागतो तो वरचा तासाचा हिशोब.

इजिप्तचे लोक पण जुगार खेळायचे का?

त्यांच्या खेळाचं नाव 'सेनेत'. तीस घरांचा पट, तीन ओळी, दहा-दहा घरं. फासे म्हणून काड्या फेकायच्या, एक बाजू सपाट, एक गोलसर, किती सपाट वर आल्या त्यावर सोंगट्या पुढे. आपल्याकडे कवड्या फेकून खेळतात तसंच, किती उताण्या किती पालथ्या. राणी नेफरतारीच्या थडग्यात ती एकटीच पटासमोर बसून 'सेनेत' खेळतेय असं चित्र आहे, तुतनखामेनबरोबर पण त्याचे पट पुरलेले सापडले. पूर्ण नियम कुठे लिहिलेले सापडले नाहीत, पण पुढे पुढे हा खेळ म्हणजे मेल्यानंतरचा प्रवास असं ते मानायला लागले. हा खेळ कोणी मोबाईलवर चांगला बनवला तर मी स्वतः टाकून देईन, फुकट.

आखाजीला गावोगाव पारावर पत्ते रंगतात, मोठे मोठे बसतात. मग या गेमलाच एवढं काय?

बरोबर आहे, आखाजीचा जुगार आपल्याकडे जुना, पोरी माहेरी येतात, झोके, गाणी, सांजोऱ्या, आमरस अन् माणसं पत्त्यांवर. पोलीस धाड टाकतात ते वेगळं. मी त्याला चांगलं म्हणत नाही, त्यातही वावरं गेलेली आहेत. पण तिथे चार गोष्टी असतात. समोर माणूस असतो. तुम्ही हरले तर तुमचेच पैसे गावातल्याच कोणाच्या तरी खिशात जातात अन् सकाळी तो चहा पाजतो. कोणीतरी नाना म्हणतोच, बस झालं रे भो, ऊठ आता. अन् दोन-चार दिवसांनी आखाजी संपते, सालदार ठरतात, नांगरटी सुरू. ही गेम रात्री दोन वाजता पण चालू असते अन् ऊठ म्हणणारं कोणी नसतं, उलट तुम्ही उठलात की तीच नोटिफिकेशन पाठवते, 'रा तुमची वाट बघतोय'.

कायद्याने चालतं का?

पैसे लावून नाही. आपल्या राज्यात जुगाराचा कायदा १८८७ चा, ब्रिटिशांच्या काळातला. ऑनलाइनसाठी केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये नवा कायदा संसदेत पास केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. त्यात पैशाच्या सगळ्या ऑनलाइन गेमवर बंदी आहे, मग ती नशिबाची असो की कौशल्याची, त्यामुळे 'हा स्किल गेम आहे' हे बोलणं आता कामाचं नाही. गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत किंवा ५० लाखांपर्यंत. नुसतं खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही, त्याला फसलेला धरलंय. म्हणून जे इन्स्टाग्रामवर रील टाकून लिंक देतात त्या पोरांनी जास्त घाबरावं, फॉलोअर पाच हजार असले तरी ती जाहिरातच.

मी ८० हजार जिंकलो पण काढू देत नाही, म्हणे आधी ३० टक्के टॅक्स भरा.

भरू नका. एक रुपयाही भरू नका. टॅक्स कापायचा तर तो जिंकलेल्या रकमेतून कापून उरलेले देतात, तुमच्याकडून वेगळा मागवून घेत नाहीत, तोही कोणा माणसाच्या युपीआय आयडीवर. ते ८० हजार नाहीतच, तो स्क्रीनवर टाइप केलेला आकडा आहे. तुम्ही २४ हजार भरले की 'व्हेरिफिकेशन फी' निघेल, ती भरली की अजून काहीतरी.

आधी भरलेले गेले असतील तर लगेच १९३० ला फोन लावा, हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय नंबर आहे, किंवा सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाका. जेवढं लवकर कराल तेवढी पैसे पुढच्या खात्यात अडवले जायची शक्यता. व्यवहाराचा नंबर, स्क्रीनशॉट, चॅट सगळं ठेवा. लोक काय करतात, लाजेने आधी सगळं डिलीट करून टाकतात अन् मग माझ्याकडे येतात, भाऊ डेटा रिकव्हर कर.

एक जण म्हणतो तुझं बँक खातं दे, महिन्याला दहा हजार देतो, काही करायचं नाही.

करायचं काही नसतं, भोगायचं असतं. या गेमचा पैसा फिरवायला अशीच खाती लागतात. दुसऱ्या राज्यात कोणाची तरी तक्रार झाली की पहिलं नाव तुमचं निघतं, खातं गोठतं, अन् तिकडचे पोलीस चौकशीला तुम्हालाच बोलवतात. पासबुक, एटीएम, सिम कोणालाही देऊ नका, मावसभाऊ असला तरी.

पैसे नसलेली, नुसत्या नाण्यांवाली गेम असते ना? ती तरी टाकून देतो का?

ती असते, नाणी फुकट मिळतात, संपली की उद्या परत. त्यात जिंकलेले पैसे बाहेर काढता येत नाहीत अन् नुसती फुकटात खेळली तर कायद्याची भानगड नाही. पण नाणी संपली की शंभर रुपयात विकत पण देते, अन् घेणारे घेतात, जे कधीच परत मिळणार नाहीत त्यासाठी. हा डोक्याबाहेरचा प्रकार आहे. शिवाय फुकटवाली बऱ्याचदा सैल हाताने देते, मग माणसाला वाटतं आपल्याला जमतंय.

पोरगा खेळतोय की नाही कसं ओळखायचं? तुम्ही फोन बघून सांगता का?

दुसऱ्याचा फोन मी त्याला न सांगता बघत नाही, आई-बापाला पण हेच सांगतो. पण बँकेचं स्टेटमेंट बघा, शंभर-दोनशेचे एकसारखे व्यवहार, अनोळखी माणसांच्या नावावर, रात्री अकरा ते तीन. घरातली वस्तू 'रिपेअरला दिलीय' म्हणून महिनाभर दिसत नाही. मित्रांकडे उधारी. अन् जेवताना फोन उपडा ठेवणं.

कळलं तर मारू नका, खरंच नका मारू, मारलं की तो पुढच्या वेळी जास्त नीट लपवतो. पैशाचा हिशोब कागदावर लिहायला लावा, किती गेले, कोणाचे देणं आहे. युपीआयची रोजची मर्यादा बँकेच्या अ‍ॅपमधून कमी करता येते, ती मी दुकानावर फुकट करून देतो, दोन मिनिटांचं काम. झोप उडाली असेल, जिवाचं बरंवाईट बोलत असेल तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, सरकारी, चोवीस तास, मराठीत बोलतात. माझ्या बायकोने तेव्हा मला लावून दिला होता. मी पहिली पाच मिनिटं चार्जरच्या किमतीवर बोललो त्या बाईंशी, त्यांनी ऐकून घेतलं.

एवढं सगळं ऐकलं. आता टाकून देतो का?

नाही. टेम्पर्ड टाकायचं असेल तर ऐंशी रुपये, त्या फोनच्या कोपऱ्याला तडा गेलाय, बघून घ्या.